फूटपट्टीनं चाललेला उजेड

"बाई, चांद्रयानाला चाळीस दिवस लागले. मग गुरूवर जायला पन्नास लागत असतील, होय?"

सहावीतली मुलगी भिंतीवरच्या तक्त्यावर बोट ठेवून विचारत होती. २२ ऑगस्ट २०२३, मंगळवार. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चांद्रयान ३ मधलं विक्रम यान चंद्रावर उतरणार होतं आणि चार दिवस शाळेत दुसरा विषय नव्हता. तक्त्यावर सूर्यापासून नेपच्यूनपर्यंत सगळे ग्रह माळेतल्या मण्यांसारखे शेजारी शेजारी होते. पृथ्वी ते गुरू जेमतेम वीतभर. त्या वितीवरून तिनं पन्नास दिवस काढले होते. तिचा हिशोब बरोबर होता, चित्रच तसं होतं. चित्र काढणाऱ्याला दोष देता येत नाही, कागद असतो तेवढाच. पण त्याच तक्त्यावर मी अकरा वर्षं शिकवत होते आणि पोरांच्या मनात अंतराळ म्हणजे दाटीवाटीची गल्ली होऊन बसलंय, हे मला तोवर कळलं नव्हतं.

मी तिला सांगितलं, की याच वर्षी एप्रिलमध्ये युरोपचं ज्यूस नावाचं यान गुरूकडं निघालंय आणि ते २०३१ साली पोचेल. तिनं बोटं मोजली. "तवर मी वीस वर्षांची हुईन," ती म्हणाली आणि पुन्हा तक्त्याकडं बघायला लागली. तिचा विश्वास बसला नव्हता.

रात्री स्वयंपाकघरातच हिशोब मांडला. एक सेंटिमीटर म्हणजे एक लाख किलोमीटर धरलं, की सगळे आकडे हाताच्या मापात येतात. सूर्याचा व्यास सुमारे १४ लाख किलोमीटर, म्हणजे १४ सेंटिमीटरचा चेंडू. पृथ्वी त्याच्यापासून १५ कोटी किलोमीटरवर, म्हणजे पंधरा मीटर. आणि पृथ्वी स्वतः केवढी? पावणेतेरा हजार किलोमीटर, म्हणजे सव्वा मिलिमीटर. श्रावण होता, उपवासाचा राजगिरा डब्यात होता. एक दाणा पट्टीवर ठेवून बघितला, माप जुळलं. तो दाणा बोटाच्या टोकावर घेऊन मी किती वेळ बसले कुणास ठाऊक. माझं गाव, माझी शाळा, समुद्र, हिमालय, सगळं त्या दाण्यावर.

मग डबे उघडत गेले. शुक्रालाही राजगिराच. मंगळाला खसखस, बुधाला रव्याचा कण. गुरूला मुलाची काचेची गोटी, शनीला भिजवलेला काबुली हरभरा, युरेनस आणि नेपच्यूनला एकेक मिरी. चंद्राला मात्र काही सापडेना. एक तृतीयांश मिलिमीटर! शेवटी रांगोळीचा एक कण सुईच्या टोकानं उचलला. हे सगळं जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर खळीनं चिकटवलं. आणि सासूबाईंच्या जुन्या लाल लुगड्याच्या चिंध्या गुंडाळत बसले, टेपनं घेर ४४ सेंटिमीटर भरेपर्यंत. तो सूर्य.

आमची जिल्हा परिषदेची शाळा सोलापूर जिल्ह्याच्या टोकाला, गावाबाहेर. शाळेच्या फाटकापासून एसटीच्या फाट्यापर्यंत सरळ रस्ता आहे. त्या ऑगस्टात पावसानं दडी मारली होती, दोन्ही बाजूंना सोयाबीननं माना टाकल्या होत्या. रस्ता मात्र कोरडा होता आणि आभाळ मोकळं.

बुधवारी प्रार्थना झाल्यावर चिंध्यांचा सूर्य फाटकाच्या खांबावर ठेवला आणि दहा मीटरची दोरी घेऊन आम्ही निघालो. बुध सहा मीटरच्या अलीकडं. शुक्र अकराच्या अलीकडं. शुक्राबद्दल पोरांना एकच गोष्ट सांगितली, की तिथं सूर्याभोवतीची फेरी २२५ दिवसांत होते, पण स्वतःभोवतीची एक गिरकी पुरी व्हायला २४३ दिवस लागतात. एक जण म्हणाला, "म्हंजी गिरकी संपायच्या आत वाढदिवस!" त्याला बरोबर कळलं होतं.

पंधराव्या मीटरला पृथ्वी. काठीला पत्रिका अडकवली आणि सगळे भोवती गोळा झाले. ती मुलगी चक्क मातीत गुडघे टेकून वाकली.

"बाई, पृथ्वी घावंना."

दाणा तिच्या नाकासमोर होता. सापडल्यावर तिनं श्वास रोखून धरला, उडेल म्हणून. मग मी तिला त्या दाण्याशेजारी दोन बोटं आडवी ठेवायला सांगितली. बोटांच्या पलीकडच्या कडेला रांगोळीचा कण होता. "हा चंद्र. पावणेचार लाख किलोमीटरहून जरा जास्त. आजवर माणूस स्वतः गेला तो एवढाच लांब. तुझी दोन बोटं." पस्तीस पोरांत कुणी हूं की चूं केलं नाही.

तिथूनच त्यांना मागं वळून खांबावरचा चेंडू बघायला लावला. पंधरा मीटरवरून तो केवढा दिसतो? खरा सूर्य आभाळात दिसतो, नेमका तेवढा. अंतर आणि आकार एकाच मापानं लहान केले, की असं होणारच, पण ते डोळ्यांनी बघितल्यावर मला स्वतःलाच शहारा आला. हात लांब करून करंगळी धरली की चेंडू झाकायचा. पोरं एकेक करून करंगळी धरत होती, एक डोळा मिटून. खऱ्या सूर्याकडं कुणी बघायचं नाही, हे मी तीनदा बजावलं.

आता उजेड. प्रकाश सेकंदाला तीन लाख किलोमीटर जातो, हे पाठ सगळ्यांना होतं. आमच्या मापात ते झालं तीन सेंटिमीटर. म्हणजे दहा सेकंदांना तीस, आणि शाळेची फूटपट्टी बरोबर तीस सेंटिमीटरची. मेंढरं राखणाऱ्या घरातला एक मुलगा आहे, फार बोलत नाही. त्याच्या हातात पट्टी दिली. त्यानं ती सूर्याखालच्या मातीत ठेवली आणि बाकीच्यांनी एक ते दहा मोजायला सुरुवात केली. दहा म्हटलं की पट्टी पुढं. पुन्हा एक ते दहा. पहिल्या मिनिटाला हशा होता. तिसऱ्या मिनिटाला हसणं थांबलं. पट्टीशेजारून एक मुंगळा चालला होता, तो उजेडाच्या पुढं निघून गेला. विश्वातलं सगळ्यात वेगवान काय, तर ते हे. आणि ते मातीतून इंच इंच सरकत होतं. पन्नासाव्या वेळी पट्टी राजगिऱ्याच्या काठीला टेकली तेव्हा माझ्या घड्याळात आठ मिनिटं वीस सेकंद झाले होते.

"मंजी आत्ता अंगावर पडलेलं ऊन आठ मिनिटांमागचं?" त्या मुलानं विचारलं. त्या आठवड्यात तो वर्गात पहिल्यांदा बोलला.

मंगळ तेवीस मीटरला. तिथून गुरूपर्यंत पंचावन्न मीटर नुसता रस्ता. पोरं विचारत राहिली, बाई आता काय? आता काही नाही. मधे लघुग्रहांचा पट्टा आहे खरा, पण ते सगळे एकत्र मळून गोळा केला तरी आपल्या चंद्राएवढाही होत नाही. आमच्या मापात ती धूळसुद्धा नव्हे. हे मोकळेपणच मला त्यांना दाखवायचं होतं आणि त्यासाठी काही करावंही लागलं नाही, फक्त चालायचं होतं. गुरू ७८ मीटरवर. काचेची गोटी बघून सगळ्यांना हायसं वाटलं, निदान काहीतरी दिसलं. त्या गोटीत राजगिऱ्याचे तेराशे दाणे मावतील, आकारमानाच्या हिशोबानं. शनी पिठाच्या गिरणीसमोर, १४३ मीटर. युरेनस मारुतीच्या देवळापुढं, २८७. आणि फाट्यावर, एसटीच्या थांब्याच्या खांबाला, ४५० मीटरवर नेपच्यूनची मिरी.

तिथून मागं बघितलं. शाळेचं फाटक दिसत होतं, चेंडू मला दिसेना. पोरांनाही दिसेना. मेंढरंवाला पोरगा डोळ्यांवर हात धरून उभा राहिला. "दिसतंय की. तांबडं. सुईच्या टोकागत." मी त्याच्या डोळ्यांवर विश्वास ठेवते, तो दोन शेतांपलीकडची मेंढी ओळखतो. नेपच्यूनवरून सूर्य पृथ्वीवरच्यापेक्षा तीस पट लहान दिसतो. माणसाच्या चांगल्या नजरेची जिथं हद्द येते, बरोबर तेवढा.

"ह्याच्या पुढं कोण गेलंय का?" मुलीनं विचारलं.

गेलंय. अमेरिकेचं व्हॉयेजर १ यान. १९७७ च्या सप्टेंबरात निघालं, मी तेव्हा जन्मलेही नव्हते, आणि अजून चालतंय. तेव्हा सुमारे २४०० कोटी किलोमीटरवर होतं. आमच्या रस्त्यावर दोन किलोमीटर चारशे मीटर. ते ऐकून ती एकदम म्हणाली, "मंजी आमची वस्ती!" खरंच. ती रोज फाट्याच्याही पलीकडून, वस्तीवरून चालत शाळेला येते. व्हॉयेजरपासून उजेडाला इथवर यायला बावीस तासांच्या वर लागतात. त्याचं जुळं भावंड व्हॉयेजर २, त्याला नुकतीच, जुलैमध्ये, एक आज्ञा चुकीची गेली होती. अँटेना फक्त दोन अंशांनी हलली आणि पृथ्वीशी बोलणं तुटलं. पुढं ऑस्ट्रेलियातल्या कॅनबेराहून मोठ्या अँटेनानं साद घातली आणि ४ ऑगस्टला ते पुन्हा बोललं. दोन किलोमीटरवरून एका राजगिऱ्याच्या दाण्याकडं नेम धरायचा, म्हटल्यावर दोन अंश किती असतात ते पोरांना सांगावं लागलं नाही. सगळ्यात जवळचा तारा कुठं असेल, हेही विचारलं गेलं. चार हजार किलोमीटर. अरबी समुद्र ओलांडायचा, अख्खं अरबस्तान ओलांडायचं, तांबड्या समुद्रापलीकडं सुदानच्या किनाऱ्यावर उतरायचं, तेव्हा कुठं दुसरा चेंडू.

परत येताना आदल्या दिवशी राहिलेला प्रश्न निघाला. चंद्र दोनच बोटं लांब, अपोलोची माणसं चार दिवसांत पोचली, मग आपल्याला चाळीस दिवस का? नागपंचमी होऊन दोनच दिवस झाले होते, लिंबाला झोका अजून बांधलेला होता. एका पोरीला त्यावर बसवलं. एकदाच जोरात ढकलायचं तर अंगात पैलवानाचं बळ पाहिजे, म्हणजे अजस्र रॉकेट पाहिजे. आपलं रॉकेट तेवढं मोठं नाही. मग काय करायचं? झोका खाली आला की थोडा रेटा द्यायचा, परत खाली आला की परत. चांद्रयान पृथ्वीभोवती असंच झोके घेत होतं. पृथ्वीच्या जवळ आलं की इंजिन थोडं चालवायचं, की पलीकडचा झोका आणखी लांब. १ ऑगस्टला शेवटचा रेटा दिला आणि ते चंद्राच्या वाटेला लागलं.

संध्याकाळी पाचपासून लोकवर्गणीतून घेतलेल्या टीव्हीसमोर माणसं जमायला लागली. पालक, गिरणीवाले, पोषण आहार शिजवणाऱ्या मावशी, दारात दोन म्हाताऱ्या. माझ्या पोटात गोळा होता. ७ सप्टेंबर २०१९ ची रात्र मी जागून काढली होती. चांद्रयान २ चा लँडर दोन किलोमीटरवर असताना संपर्क तुटला, आणि सकाळी शनिवारच्या शाळेत पोरांनी विचारलं, "बाई, फुटलं का?" मला उत्तर देता आलं नव्हतं. शिवाय चारच दिवसांपूर्वी रशियाचं लूना २५ चंद्रावर आदळलं होतं.

पावणेसहाला विक्रम तीस किलोमीटर उंचीवरून उतरायला लागलं. वेग सेकंदाला दीड किलोमीटरच्या वर. चंद्रावर हवा नाही, म्हणून पॅराशूटचा उपयोग नाही. सगळा वेग इंजिनानंच मारायचा आणि तोही यानानं आपलं आपण, इथून कुणी हात लावायचा नाही. पडद्यावर आकडे उतरत होते. शेवटच्या दीडशे मीटरवर ते थांबल्यासारखं झालं, खाली जागा बघायला, तेव्हा खोलीत पंख्याचा आवाज तेवढा होता. सहा वाजून चार मिनिटांनी बेंगळुरूच्या त्या खोलीतली माणसं उठून उभी राहिली आणि आमच्या खोलीत छप्पर उडेल असा आवाज झाला. मावशी रडत होत्या. मीही.

त्या गोंधळात मुलगी माझी ओढणी ओढत होती. "बाई, बाई. ते आधीच उतरलं हुतं."

"काय?"

तिनं दोन बोटं आडवी धरली. "हितवर यायला एक सेकंद आणि वर थोडं लागतंय की. आपल्याला आत्ता कळलं. ते एकटंच उतरून बसलं हुतं."

मी खाली बसले आणि तिला जवळ घेतलं. सव्वा सेकंद. एवढा वेळ विक्रम चंद्रावर उभं होतं आणि पृथ्वीवर ते कुणालाच ठाऊक नव्हतं. मी इतकी वर्षं शिकवते, पण हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

अंधार पडल्यावर तिला स्कूटीवरून वस्तीवर सोडायला गेले. वाटेत फाट्यावर मिरीची पत्रिका अजून खांबाला होती, ती तिनं काढून दप्तरात ठेवली. वस्तीच्या तोंडाशी तिनं थांबायला लावलं. मागं शाळेचा दिवासुद्धा दिसत नव्हता. दक्षिणेला सप्तमीचा अर्धा चंद्र होता. पूर्वेला, बाभळींच्या जरा वर, शनी नुकताच आला होता, पिवळसर, न लुकलुकता. तो मी तिला दाखवला.

"हरभरा," ती म्हणाली. मग चंद्राकडं बघून तिनं हळू आवाजात "एक" म्हटलं, आणि घराकडं पळाली.