आमची वाटचाल : भांड्यांच्या दुकानाचा पोटमाळा आणि अकरा पेजेस

२०११ च्या गुढीपाडव्याला दादर पश्चिमेला, भांड्यांच्या एका दुकानाच्या पोटमाळ्यावर आम्ही दोघा मित्रांनी दुकानदारांची फेसबुक पेजेस सांभाळणारी ही एजन्सी सुरू केली. माझ्या भागीदाराने त्याआधी नऊ वर्षे लग्नपत्रिका आणि दुकानांच्या पाट्या कोरल ड्रॉ या चित्ररचनेच्या सॉफ्टवेअरवर केल्या होत्या आणि मी एका साप्ताहिकासाठी जाहिराती गोळा करत असे. दोघांनाही दुकानदारांची भाषा येत होती, आणि ते आमचे खरे भांडवल होते. फेसबुकवर पेज काढून देतो, रोज सांभाळतो आणि गिऱ्हाइकाच्या प्रश्नाला त्याच दिवशी उत्तर देतो, एवढेच आम्ही सांगत असू.

या धंद्यातल्या मंडळींना त्या काळातली फॉन्टची कटकट आठवत असेल. दुकानदारांकडचा सगळा मराठी मजकूर श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये असे आणि तो फेसबुकवर चिकटवला की इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसे. बहुतेकांनी यावर सोपा उपाय काढला, तो म्हणजे मजकुराचे चित्र करून टाकण्याचा. आम्ही मात्र प्रत्येक ओळ पुन्हा युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही संगणकावर वाचता आणि शोधता येणाऱ्या अक्षरांत, टंकत बसलो, कारण चित्रातला शब्द शोधणाऱ्याच्या हाती लागत नाही, आणि गिऱ्हाइकाने ‘चकलीची भाजणी’ असे मराठीत शोधले तर आमच्या दुकानदाराचे नाव दिसले पाहिजे, असा आमचा हट्ट होता. पुढे मुंबईच्याच ‘एक टाईप’ने केलेला ‘मुक्त’ हा फॉन्ट विनामूल्य मिळू लागला, तेव्हा भागीदाराने पोटमाळ्यावर पेढे वाटले होते.

जाहिरातीच्या चित्रावरचा वीस टक्क्यांचा नियमही तेव्हाचाच. फेसबुकच्या तपासणी साधनात चित्रावर पंचवीस चौकोनांची जाळी पडे आणि पाचांहून अधिक चौकोनांत अक्षरे आली की जाहिरात नाकारली जाई. इंग्रजी मजकूर त्यात सहज बसे. आपल्या ओळीला वर वेलांटी आणि खाली उकार असल्यामुळे एकच ओळ दोन रांगांत जाई. भागीदार ती ओळ केसाइतकी वरखाली सरकवत तासन्‌तास बसे आणि शेवटी पाच चौकोनांत बसवून दाखवी. फेसबुकने २०२० मध्ये तो नियम काढून टाकला, पण जागा जपून लिहिण्याची ती शिस्त आमच्या कामात आजही दिसते.

लालबागच्या मसालेवाल्या काकू २०१२ च्या उन्हाळ्यात आमच्याकडे आल्या. बेडगी, संकेश्वरी, काश्मिरी अशा मिरच्या, उन्हाळ्यात कांडपाची गर्दी, दिवाळीच्या आधी भाजणी, असा त्यांचा पिढीजात व्यवसाय. त्यांची अट एकच होती. माल संपला की पेजवर त्याच दिवशी ‘संपला’ असे लिहायचे, नोंदणी खोटी चालू ठेवायची नाही. त्यांच्या पेजवर पहिला फोटो गेला तो त्यांच्या सासूबाईंचा, गोणपाटावर बसून मिरच्यांची देठे काढतानाचा. तो भागीदाराने काढला होता. गूगलच्या नकाशावर दुकान नोंदवताना गूगलने पत्ता पडताळण्यासाठी टपालाने पाठवलेले पोस्टकार्ड दोनदा चाळीत हरवले, तेव्हा काकू स्वतः पोस्टमनला भेटून आल्या आणि तिसरे कार्ड हातात घेऊन पोटमाळ्याचा जिना चढल्या. आज सगळे जण नकाशावरच्या नोंदीचे महत्त्व सांगतात. काकूंना ते त्या पोस्टकार्डाच्या वेळीच कळले होते.

२०१६ मध्ये वडिलांच्या आजारपणामुळे भागीदार कायमचा नाशिकला गेला. हिशेब एका दुपारी मिटले, कुठेही कटुता नव्हती. मात्र अकरा पेजेसवर त्याचे खाते ॲडमिन, म्हणजे पूर्ण अधिकाराचा व्यवस्थापक, म्हणून तसेच राहिले. ते मी काढले नाही, कारण ते काढणे म्हणजे त्याला घराबाहेर काढण्यासारखे मला वाटले. पुढे जे घडले त्याचे मूळ माझ्या या चुकीत आहे.

११ ऑक्टोबर २०१८, नवरात्राची दुसरी माळ. सकाळी पावणेसातला काकूंचा फोन आला, की पेजवर गॉगल आणि घड्याळांच्या जाहिराती दिसत आहेत. मी संगणक उघडला तेव्हा त्या पेजवर माझा अधिकार उरलेला नव्हता. दुसऱ्या पेजवर नव्हता, तिसऱ्यावरही नव्हता. भागीदाराच्या जुन्या, वर्षभर न उघडलेल्या ईमेलचा पासवर्ड कुणीतरी मिळवला होता, त्यावरून त्याच्या फेसबुक खात्यात शिरकाव केला होता आणि तिथून आम्हाला सर्वांना काढून टाकले होते. एक ॲडमिन दुसऱ्याला काढू शकत असल्यामुळे कुलूप तोडण्याची गरजच पडली नाही. दोन गिऱ्हाइकांच्या जाहिरात खात्यांना कार्डे जोडलेली होती. त्यांतून दुपारपर्यंत अडतीस हजार रुपये गेले आणि ते आम्ही त्याच आठवड्यात आमच्या खिशातून भरून दिले.

भागीदार दुसऱ्या दिवशी पंचवटी एक्सप्रेसने आला आणि ओळखपत्राच्या प्रती, जुनी बिले, पेज उघडल्या दिवशीचे ईमेल असे सगळे घेऊन पोटमाळ्यावर बसला. फेसबुकच्या मदत अर्जाला यंत्राकडून येणारे उत्तर प्रत्येक वेळी तेच असे आणि आम्ही तोच अर्ज पुन्हा भरत असू. नाशिकला घरी आजारी वडील असताना तो पाच दिवस राहिला. त्याचा मोबदला त्याने घेतला नाही, हे इथे नोंदवणे मला आवश्यक वाटते.

त्याच आठवड्यात लोअर परळच्या एका एजन्सीचा माणूस आमच्या गिऱ्हाइकांकडे फिरला. तिचे नाव मी लिहीत नाही, जाणणारे जाणतात. ‘पेजेस त्यांनीच विकली आहेत, महिना संपायच्या आत ते दुकान बंद करतील’ असे त्याने सांगितले आणि महिन्याभरात पन्नास हजार लाईक्स मिळवून देण्याचा दर लिहून दिला. दसरा तोंडावर असताना चार गिऱ्हाइके गेली. सात वर्षे ज्यांच्या सणाच्या पोस्ट मी रात्री जागून लिहिल्या, त्यांपैकी एकानेही मला फोन करून खरे-खोटे विचारले नाही. आज इतक्या वर्षांनीही ते मनातून गेलेले नाही.

पन्नास हजार लाईक्स कुठून येतात, हे या धंद्यातल्या कुणालाही सांगायला नको. पोस्ट आधी काही थोड्या चाहत्यांना दाखवली जाते आणि त्यांनी प्रतिसाद दिला तर ती पुढे सरकते. चाहते विकतचे असतील तर ते प्रतिसाद देत नाहीत, आणि मग खऱ्या गिऱ्हाइकापर्यंतही पोस्ट पोहोचत नाही. त्यातच त्या वर्षीच्या जानेवारीत फेसबुकने मित्र आणि कुटुंबीयांच्या पोस्टना प्राधान्य देण्याचे जाहीर केले होते आणि व्यावसायिक पेजेसचा रीच, म्हणजे पोस्ट किती जणांपर्यंत पोहोचते तो आकडा, आधीच घसरला होता. गेलेल्या चारांपैकी एक साडीवाले दोन वर्षांनी परत आले, तेव्हा मी त्यांच्या पेजचे इनसाइट्स, म्हणजे फेसबुक दाखवते ती चाहत्यांची आकडेवारी, उघडून पाहिले. चाहत्यांच्या शहरांच्या यादीत मुंबई सहावी होती. दादरमध्ये पायरीवर बसून साडी विकणाऱ्या माणसाला सहाव्या क्रमांकाच्या मुंबईचा काय उपयोग?

दिवाळी वाचवली ती काकूंनी. पेज गेल्याच्या तिसऱ्या दिवशी त्या एक जाड वही घेऊन आल्या. तिच्यात सहा वर्षांत नोंदणी केलेल्या गिऱ्हाइकांची नावे, फोन आणि कुणाला तिखट किती चालते याची नोंद होती. व्हॉट्सॲप बिझनेस त्याच वर्षी आले होते. एका ब्रॉडकास्ट यादीत, म्हणजे एकच संदेश अनेकांना एकदम पाठवायच्या यादीत, २५६ जण बसतात आणि ज्यांनी आपला नंबर जतन केला आहे त्यांनाच संदेश पोहोचतो, म्हणून आधी आम्ही दोघा मुलांना बसवून प्रत्येकाला फोन केला आणि नंबर जतन करायला सांगितले. अशा चार याद्या झाल्या. काकूंची भाजणी लक्ष्मीपूजनाच्या आठ दिवस आधी संपली आणि यादीवर त्याच दिवशी ‘संपली’ असे गेले. ते पाहून उरलेल्या गिऱ्हाइकांनीही आपापल्या वह्या आणल्या. ज्यांच्याकडे वही नव्हती, त्यांची दिवाळी कोरडी गेली.

३ नोव्हेंबरला, तेविसाव्या दिवशी, अकरांपैकी आठ पेजेस परत मिळाली. तीन मिळाली नाहीत.

ज्यांचे छोटे दुकान आहे त्यांना थोडे सांगतो. पेज दुकानाच्या मालकाच्या नावावर असू द्या, आमच्यासारख्या एजन्सीच्या नाही. आम्हाला बिझनेस मॅनेजर या फेसबुकच्याच साधनातून फक्त कामापुरता प्रवेश द्या. पूर्ण अधिकाराची माणसे दोन ठेवा, एक नको आणि पाचही नकोत. दुहेरी पडताळणी (पासवर्डनंतर आणखी एक कोड मागणारी) सुरू करा आणि तिचे राखीव कोड कागदावर छापून तिजोरीत ठेवा, पुतण्याच्या मोबाइलमध्ये नाही. माणूस काम सोडून गेला की त्याच संध्याकाळी त्याचा प्रवेश काढा, मग तो सख्खा भाऊ का असेना. आमच्याकडे आता यासाठी लाल कापडी बांधणीची वही आहे. कोणत्या पेजची किल्ली कुणाकडे आहे, हे तिच्यात दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी लिहिले जाते. दर तीन महिन्यांनी पेजवरच्या गिऱ्हाइकांचे नंबर त्यांच्या संमतीने स्वतःच्या वहीत उतरवून घ्या. फेसबुकने दिलेले चाहते फेसबुकचे असतात.

त्यानंतरची वर्षे कामाची गेली. जून २०२० मध्ये टिकटॉकवर बंदी आली, दहा दिवसांच्या आत इन्स्टाग्रामने भारतात रील्स आणले आणि आम्ही उभे व्हिडिओ काढायला शिकलो. पोस्ट आधीच वेळ ठरवून टाकण्याच्या हूटसूट या साधनाची मोफत योजना २०२३ मध्ये बंद झाली, तेव्हा वेळापत्रक फेसबुकची कंपनी मेटाच्या स्वतःच्या साधनात हलवले. पोटमाळा सोडून आता आमची दोन खोल्यांची जागा आहे आणि सात माणसे आहेत. ४ ऑक्टोबर २०२१ च्या रात्री फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप जगभर सुमारे सहा तास बंद पडले होते. घटस्थापना तीन दिवसांवर होती, तरी आमच्या एकाही गिऱ्हाइकाचा घाबरून फोन आला नाही. प्रत्येकाकडे वही होती.

न मिळालेल्या तीन पेजेसमध्ये काकूंचे पेज होते. नवे पेज आम्ही शून्यापासून उभे केले आणि आज ते जुन्यापेक्षा अधिक लोकांपर्यंत जाते. पण जुने अजून आहे. त्याचे नाव तीनदा बदलले, सध्या त्यावर मोबाइलची कव्हरे विकली जातात, आणि खाली खाली सरकत गेले की २०१२ च्या उन्हाळ्यातला, सासूबाई मिरच्यांची देठे काढतानाचा तो फोटो येतो. सासूबाई आता नाहीत आणि मूळ फोटो ज्या हार्ड डिस्कवर होता ती २०१७ च्या पावसात पोटमाळ्यावर भिजली. दर नवरात्राच्या दुसऱ्या माळेला मी आणि नाशिकहून भागीदार, दोघेही त्या पेजची तक्रार नोंदवतो. यंदाही नोंदवली.