सातवा मजला आणि अकरा सेकंद

रुग्णवाहिकेसाठी आलेले फोन घेणारे आम्ही प्रश्न विचारत असताना गाडी जागीच थांबून राहते, असा लोकांचा ठाम समज असतो. प्रत्यक्षात ठिकाण आणि तक्रार मी टंकली की ती त्याच क्षणी गाडी रवाना करणाऱ्या डिस्पॅचरच्या स्क्रीनवर उमटते आणि माझे उरलेले प्रश्न संपेपर्यंत गाडी निघालेलीही असते. तरीही “प्रश्न कसले विचारता, आधी गाडी पाठवा” हे प्रत्येक पाळीत ऐकावे लागते.

त्या रात्री फोन करणाऱ्या मुलाने तसे म्हटले नाही. मी कॉल घेतला तोच त्याच्या मोबाइलने स्वतःहून पाठवलेले ठिकाण नकाशावर एका लहानशा वर्तुळात दिसू लागले. मी हे काम शिकले तेव्हा मोबाइलच्या कॉलवर टॉवरभोवतीचा कित्येक किलोमीटरचा परिसर एवढेच हाती येत असे, त्यामुळे या वर्तुळाचे मला आजही अप्रूप वाटते. मात्र ते मजला सांगत नाही. वर्तुळ दिसले की नवी मंडळी पत्ता विचारतच नाहीत, मी विचारला. “सातवा मजला, मॅडम. लिफ्ट बंद आहे.”

वडील जमिनीवर कोसळले होते आणि हाकेला ओ देत नव्हते. स्क्रीनवरचा पुढचा प्रश्न होता, श्वास चालू आहे का? “हो, घोरतायत.” मी ‘हो’ नोंदवले आणि संगणकाने रुग्णाला कुशीवर वळवण्याच्या सूचना पुढे केल्या. पण ‘घोरतायत’ हा शब्द माझ्या कानात अडकला होता. हृदय बंद पडल्यावरही काही मिनिटे शरीर अधूनमधून अशी आचके दिल्यासारखी हवा ओढते आणि घरच्यांना तो श्वास वाटतो.

“फोन स्पीकरवर टाक, त्यांच्या छातीकडे बघ आणि श्वास घेतला की ‘आता’ म्हण.”

“आता.” त्यानंतर घड्याळात ११ सेकंद गेले. “आता.”

मी उत्तर बदलून ‘नाही’ केले. छातीच्या मधोमध तळहात, कोपर ताठ, निदान ५ सेंटीमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० दाब. पथक दारात येईपर्यंत आम्ही दोघे मोठ्याने आकडे मोजत होतो.

पुढे गुणवत्ता तपासणीत, नोंदवलेले उत्तर बदलल्याबद्दल माझे गुण कापले गेले. तपासणाऱ्यांनी स्वतः हेडसेट कधी लावला होता, हे मी विचारले नाही. पत्त्याची खातरजमा केल्याबद्दल मात्र पूर्ण गुण मिळाले आणि नेमके तेच मला खुपते. रेकॉर्डिंगमध्ये मजल्याच्या प्रश्नोत्तराला १९ सेकंद लागलेले दिसतात. मजला पथकाला हवा होता तो इमारतीपाशी पोहोचल्यावर. छातीवरचे दाब सुरू करून मग विचारला असता तरी चालले असते. मध्येच फोन तुटला असता तर काय, असे मी स्वतःला समजावते, पण फोन तुटला नव्हता.

त्या गृहस्थांचे पुढे काय झाले, हे आम्हाला कळवण्याची पद्धत नाही. रेकॉर्डिंग मुलाच्या “सव्वीस, सत्तावीस”वर संपते.