मैदानासाठी दिलेली हरकत

नवी मुंबईचा प्रारूप विकास आराखडा, म्हणजे कुठली जागा कशासाठी हे ठरवणारा कच्चा आराखडा, लागलाय असं कळलं आणि मी नकाशा बघायला गेले. भिंतभर नकाशात आमचा सेक्टर सापडायलाच अर्धा तास गेला. पिवळा रंग निवासी, हिरवा उद्यानं-मैदानांचा. सोसायटीमागचं मैदान, जिथे माझी लेक सायकल शिकली, ते पिवळं होतं.

नवी मुंबई आपोआप वाढलेलं शहर नाही. १७ मार्च १९७० ला सिडको, म्हणजे हे शहर वसवणारं सरकारी महामंडळ, स्थापन झाली आणि नोडमागून नोड, म्हणजे शहराचे एकेक भाग, आखले गेले. त्यासाठी इथल्या आगरी-कोळ्यांनी भातशेती आणि मिठागरं दिली. त्यामुळे या शहरातला मोकळा भूखंड मला कधीच नुसती रिकामी जागा वाटत नाही.

महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम २६ प्रमाणे कुणीही हरकत देऊ शकतं, फक्त मुदतीत. माझा पहिला अर्ज दोन पानी होता, सगळा तळमळीचा. नगररचनेतून निवृत्त झालेल्या ओळखीच्या काकांनी तो वाचून परत दिला. "अगं, भूखंड क्रमांक कुठाय? आणि तुला नक्की काय हवंय ते एका ओळीत लिही."

ते ऐकलं म्हणून अर्ज नीट झाला. रविवारी आम्ही चौघीजणी टेप घेऊन निघालो. दुसरं मैदान ९०० मीटरवर, मध्ये सहापदरी रस्ता. हे अंतर, नकाशाची प्रत त्यावर लाल खूण करून, आणि मुलांचे फोटो जोडले. मागणी एकच: खेळाच्या मैदानाचं आरक्षण ठेवावं. सह्यांचं एकच निवेदन न देता प्रत्येकीने वेगळा अर्ज दिला. आवक खिडकीवर दोनदा "उद्या या" ऐकावं लागलं, पण शिक्क्याची पोच घेतल्याशिवाय हललो नाही. पोच नसेल तर हरकत दिल्याचा पुरावा काय?

सुनावणी नियोजन समितीपुढे झाली. माझ्या आधीचे आजोबा सातबारा छातीशी धरून बसले होते. माझ्या वाट्याला जेमतेम तीन मिनिटं आली. एका सदस्यांनी विचारलं, "रस्ता मुलं एकटी ओलांडतात?" मी म्हटलं, "नाही सर, म्हणून तर पलीकडे जातच नाहीत." त्यांनी पेन्सिल उचलली आणि नकाशावर आमच्या भूखंडाभोवती गोल काढला.

समितीचा अहवाल, मग शासनाची मंजुरी, एवढं अजून बाकी आहे. पोचपावती देवघराच्या कप्प्यात ठेवलीय. संध्याकाळी मागच्या खिडकीतून मुलांचा आरडाओरडा येतो.