कांद्याचं पटल सुटलं एकदाचं!

काल रात्री साडेअकराला दिसलं, आणि दोनदा दिसलं!

मायक्रोस्कोपखाली कांद्याची पेशी (वनस्पती) नि गालाची पेशी (प्राणी) शेजारी ठेवून फरक दाखवायचा माझा खटाटोप चाललाय, त्यात मागच्या वेळचंच दुखणं. गालाच्या पेशीत बाहेरची रेघ म्हंजे प्रद्रव्यपटल (पेशीचं पातळ आवरण), पण कांद्यात पटल भित्तिकेला (बाहेरची कडक भिंत) आतून इतकं चिकटलेलं असतं की दोन रेघा वेगळ्या निघतच नाहीत, फोटो शेजारी ठेवले तर एक जाड चौकट नि एक वेडीवाकडी चकती एवढंच कळतं. आयोडीन कमी-जास्त करून पाहिलं, डायफ्रॅम (मायक्रोस्कोपचं प्रकाशाचं छिद्र) बारीक करून पाहिला, तीन रविवार गेले.

चूक सालीत होती. मी आतली पांढरी साल घेत होतो, सुटायला सोपी पण बिनरंगी. पाकळीच्या बाहेरच्या अंगाची जांभळी साल पाहिजे, तो रंग रिक्तिकेतल्या (पेशीतली रसाची पिशवी) रसातच असतो, म्हंजे स्टेन (वरून घालायचा रंग) लागतच नाही. घरात कांदाचाळीत साठवलेला उन्हाळ कांदा होता तो फिका निघाला, मामा निफाडहून नवा लाल कांदा घेऊन आले तेव्हा कुठे गडद रंग मिळाला. पण ही साल गर घेऊनच येते, सात-आठ वाया गेल्या. शेवटी दाढीच्या ब्लेडने चार मिमीचा चौकोन आखला, कोपरा धरून जवळजवळ आडवं ओढलं, आणि एक थर सुटला! किटमधला चिमटा यासाठी बेकार आहे, टोकं जुळत नाहीत, भुवयांचा तिरका चिमटा घ्या.

मग मिठाचं पाणी, म्हंजे पेशीतलं पाणी बाहेर ओढलं जाऊन पटल भित्तिकेपासून सुटेल; कव्हरस्लिपच्या (वरची पातळ काच) एका कडेला थेंब नि दुसऱ्या कडेला टिश्यू. आधी १०% वापरलं, रंग झटकन आक्रसला पण साधं पाणी दिल्यावर परत फुगलाच नाही, पेशी मेल्या, फार वाईट वाटलं. मग ३%, म्हंजे १०० मिलीला ३ ग्रॅम. आता आधी कोपरे सुटले, मग जांभळा गोळा गडद होत मधे गोळा झाला आणि भोवती भित्तिकेची चौकट जशीच्या तशी रिकामी उभी! साधं पाणी सोडल्यावर तोच गोळा हळूहळू फुगत पुन्हा कोपऱ्यांना टेकला. जिवंत पेशी आहे ही, हे डोळ्यांनी बघताना अंगावर काटा आला.

पुढचा नंबर हायड्रिलाचा (पाणवनस्पती) ठरला होता, पण हे लिहितानाच सुचलं की प्राण्याच्या बाजूला गालाची पेशी या प्रयोगाला मंदच, तिथे रक्ताच्या तांबड्या पेशी हव्यात. त्याच ३% मध्ये त्या आक्रसून काटेरी होतील, साध्या पाण्यात फुटतील कारण धरून ठेवायला भित्तिका नाही, कांदा मात्र नुसता टम्म होतो. केंद्रक त्यांच्यात नसतं, त्यामुळे केंद्रक दाखवायला कांद्याची जोडी गालाच्या पेशीशीच राहील, मत्स्यालयाच्या दुकानातून आणलेलं मिथिलीन ब्लू (केंद्रक रंगवणारं) तिथे कामाला येईल. हायड्रिला पुढच्या महिन्यात.

रक्ताचा थेंब आधी ०.९% मिठाच्या पाण्यात पातळ करणार, ४०पट लेन्सखाली गर्दी नको. आईच्या शुगरच्या मशीनची नवी लान्सेट (बोट टोचायची सुई) मागून ठेवलीय.