रात्रीचं वेगळं तिकीट

आज दादरला ताईकडे जेवायला गेले होते. पानं वाढता वाढता तिने विचारलंच, “अगं, अमेरिकेत ऑर्लँडोच्या डिस्ने वर्ल्डमध्ये त्या रात्रीच्या तिकिटाचे जादा पैसे वसूल झाले का?”

झाले, अगदी मनापासून सांगते. ‘डिस्ने आफ्टर अवर्स’मध्ये पार्क बंद झाल्यावर ३ तास मोजकेच लोक आत असतात. आईस्क्रीम, पॉपकॉर्न तिकिटातच. शिवाय संध्याकाळी ७ पासून आत सोडतात, म्हणून त्या दिवसाचं तिकीट आम्ही काढलंच नाही. दुपारी लेक हॉटेलात गाढ झोपली. रात्री राइडवरून उतरली की बूट वाजवत परत चढायला पळायची! आईस्क्रीम पार कोपरापर्यंत ओघळलेलं. दिवसा रांगेत रडवेली झालेली हीच ती पोर.

ताईचा धाकटा मात्र नऊलाच पेंगतो. तिला म्हटलं, तू नको काढूस.