आमची वाटचाल : मिरजेच्या वर्कशॉपातली ८७ पट लहान स्टेशनं

मॉडेल रेल्वेच्या लेआउटवर, म्हणजे घरात मांडलेल्या छोट्या रेल्वेवर, इंजिन-डबे सोडून जे काही उभं असतं ते आम्ही बनवतो, म्हणजे स्टेशनची इमारत, सिग्नल केबिन, गुड्स शेड, पाण्याची टाकी, गेटमनची खोली, गँगमनची क्वार्टर्स. किट नाही, तयार भिंती नाहीत, सगळं कोऱ्या शीटपासून. याला स्क्रॅचबिल्डिंग म्हणतात. हे मिरजेत कसं काय सुरू झालं असं बरेच जण विचारतात म्हणून एकदा सविस्तर लिहितोय.

मूळ धंदा आमचा आर्किटेक्चरल मॉडेलचा. मी सिव्हिल ड्राफ्ट्समन, सांगली-कोल्हापूरच्या बिल्डर लोकांना स्कीमची मॉडेल्स करून द्यायचो. काम बरं होतं पण बिलं लवकर सुटायची नाहीत, एका स्कीमचे पैसे तर अजून यायचेत, आणि फ्लॅट विकून झाले की मॉडेलला कोण विचारतंय. तरी त्या कामानं हात तयार झाला हे खरं, आणि आजही वर्कशॉपचं भाडं आणि लाइटबिल त्यातूनच निघतं.

रेल्वेचं पहिलं काम आणलं पुण्याच्या एका काकांनी. कोथरूडचं जोशींचं मिनिएचर रेल्वे म्युझियम बघून त्यांना नाद लागलेला, घरात एक खोली लेआउटसाठी काढून ठेवलेली. त्यांच्याकडं जर्मनीचं एक स्टेशनचं किट होतं, फार सुंदर, पण छपराचा उतार बर्फासाठी केलेला आणि भिंतीत लाकडी चौकटी. काका म्हणाले, "अहो, ह्याच्यासमोर माझी गाडी उभी राहिली की परदेशी गेल्यासारखी वाटते, मला आपल्या लाइनवरचं स्टेशन पाहिजे, काळ्या दगडाचं, कौलांचं, पिवळ्या बोर्डाचं." तिथंच मला पटलं की ह्या कामाला तयार माल चालत नाही, इमारत ज्या मुलखातली गाडी त्याच मुलखातली पाहिजे. आमची सगळी वाटचाल ह्या एका गोष्टीवर चाललीय.

आणि मिरजेसारखं गाव त्याला मिळालं. पुणे-मिरज-कोल्हापूर लाइन १९७१ मध्ये ब्रॉडगेज झाली, लोंढ्याकडची मीटरगेज त्यानंतरही बरीच वर्षं चालू होती, आणि बार्शी लाइट रेल्वेची नॅरोगेज मिरजेला १९२७ पासून, म्हणजे एकाच स्टेशनात तिन्ही गेज, म्हणजे दोन रुळांमधली तिन्ही अंतरं. एचओ स्केल म्हणजे १:८७. त्यात ७६२ मिलिमीटरची नॅरोगेज पावणेनऊ मिलिमीटर होते, एचओहून लहान असलेल्या एन स्केलचा ९ मिलिमीटरचा ट्रॅक तिला चालून जातो. मीटरगेजला १२ चा. अडचण आपल्या ब्रॉडगेजची, १६७६ मिलिमीटर भागिले ८७ म्हणजे १९.३ येतात आणि बाजारात मिळतो १६.५ चा, कारण तो युरोप-अमेरिकेच्या १४३५ मिलिमीटरच्या गेजसाठी केलेला. बहुतेक लोक १६.५ वरच चालवतात, पण डबे मात्र आपल्या रुंदीचे, चेन्नईच्या आयसीएफ कारखान्याचा डबा ३७ मिलिमीटर भरतो, म्हणून प्लॅटफॉर्मची कड ट्रॅकच्या मध्यापासून कुठं धरायची ते आम्ही आधी गिऱ्हाइकाचा सगळ्यात रुंद डबा मागवून बघतो आणि मगच प्लॅटफॉर्म कापतो.

आता मटेरियल. लोकांना वाटतं लेझर मशीन घेतलं की झालं. एमडीएफ (दाबलेल्या लाकडी तंतूंचा बोर्ड), माउंट बोर्ड (जाड कार्ड), ॲक्रिलिक लेझरवर छान कापतात, स्टायरीन ह्या प्लॅस्टिक शीटच्या कडा मात्र वितळतात, आणि सनबोर्ड तर लेझरवर घालायचाच नाही, तो पीव्हीसी असतो, जळला की क्लोरिनवाला धूर निघतो, माणसाला वाईट आणि मशीनलाही वाईट. त्यामुळं अर्ध्याहून जास्त काम आजही कटर आणि पोलादी पट्टीवर. स्टायरीनला रेघ ओढायची आणि मोडायचं, कडा आरशासारखी येते.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आमचं वर्कशॉप सांगलीत गावभागात होतं. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं आणि आमच्याकडं माळ्यापर्यंत आलं. पाणी उतरल्यावर बघितलं तर एमडीएफची प्रत्येक भिंत फुगून पापुद्रे सुटलेले, माउंट बोर्डचा लगदा, आणि स्टायरीनची एक केबिन चिखल धुतल्यावर जशीच्या तशी. त्यानंतर वर्कशॉप मिरजेला वरच्या भागात आणलं आणि भिंतींचा गाभा स्टायरीनचाच करायला लागलो. एमडीएफ फक्त बेसला, तोही सगळ्या बाजूंनी सीलर मारून, कडा तर दोनदा, कारण पूर नसला तरी पावसाळ्यातली नुसती हवासुद्धा त्याला पुरते.

त्यानंतर २०२० च्या बजेटमध्ये खेळण्यांवरची (मॉडेल किटंही त्यातच धरतात) कस्टम ड्युटी २० टक्क्यांवरून ६० टक्के झाली, २०२३ ला ७०. बाहेरचं किट घेणाऱ्याचा हिशोबच बदलला आणि आमच्याकडं फोन वाढले. इंजिनं लोकांना आणावीच लागतात त्यामुळं ह्या हौशीतल्या माणसाला ड्युटी जड गेलीच, पण इमारतींपुरतं सांगायचं तर आमचं काम चालायला लागलं ते तेव्हापासून.

आता कौलांबद्दल थोडं जास्त लिहितो कारण माझा जीव त्यात आहे. मंगलोरी कौल छपरावर बसलं की दिसणारा भाग साधारण ३२ सेंटिमीटर बाय २१, एचओत तो ३.७ बाय २.४ मिलिमीटर. बारा मीटर लांब स्टेशन आणि एका बाजूचा उतार पाच मीटर धरला तर दोन्ही बाजू मिळून अठराशेच्या आसपास कौलं होतात. छापील शीट चिकटवलं तर लांबून चालतं, पण लेआउटवर माणूस डोळा लावून बघतो आणि कडेनं बघितलं की सपाट कागद ओळखू येतो. आम्ही पातळ कार्डाच्या पट्ट्या कापतो, खालची कड कौलाच्या आकारात, आणि वळचणीपासून वर आढ्यापर्यंत एकेक पट्टी खालच्या पट्टीवर चढवत जायचं, खऱ्या छपरावर शाकारणी चालते त्याच क्रमानं. आढ्याची कौलं वेगळी, अर्धगोल. रंग एक मारायचा नाही. आधी सगळीकडं विटकरी, मग मधली मधली कौलं नव्यासारखी तांबडी, काही काळपट, आणि पश्चिमेच्या पावसाच्या बाजूला शेवाळाचा हिरवा-काळा पातळ वॉश, वळचणीकडं जास्त. कुठली बाजू पश्चिमेची हे गिऱ्हाइकाला विचारून घेतो, कारण स्टेशन खऱ्या जागेवरचं असेल तर शेवाळसुद्धा खऱ्याच बाजूला धरलं पाहिजे.

दगडी भिंतीला वॉल पुट्टीचा पातळ थर द्यायचा, अर्धवट वाळला की सुईनं दर्जा, म्हणजे दगडांमधल्या सांधी, कोरायच्या. हे काम करणारा आमच्याकडचा पोरगा मिरजेच्या सतारमेकर गल्लीतला, तंतुवाद्यांवर सेल्युलॉइडची नक्षी बसवत वाढलेला. त्याच्या हाताला मिलिमीटर शिकवावा लागला नाही. कोपऱ्यातला दगड मोठा, मधले लहान-मोठे, आणि एकावर एक उभी सांध कुठंही यायची नाही, हे तो न सांगता करतो. वेदरिंग, म्हणजे मॉडेल ऊन-पाऊस खाल्लेलं दिसावं म्हणून करायचं काम, आमची मिसेस बघते, चारकोल आणि खडूची पूड, आणि तिला पटेपर्यंत मॉडेल पॅक होत नाही.

पाण्याच्या टाक्या पण फार चालतात. जुन्या लोखंडी टाक्या चार फुटी चौकोनी प्रेस केलेल्या पॅनेलच्या असतात ना, ते पॅनेल एचओत १४ मिलिमीटरचं. एक साचा करून ठेवलाय, त्यावर पाहिजे तेवढी पॅनेल्स दाबून काढायची.

एक गोष्ट प्रत्येक नवीन गिऱ्हाइकाला सांगावी लागते, सगळं काही स्केलमध्ये बसत नाही. २४ डब्यांचा प्लॅटफॉर्म एचओत सहा मीटरच्या वर जातो, एवढी खोली कुणाकडं असते? म्हणून लांबी कमी करायची, त्याला सिलेक्टिव्ह कॉम्प्रेशन म्हणतात, पण कमी करायची ती खिडक्यांची किंवा कमानींची संख्या. दरवाजा सात फुटांचा म्हणजे साडेचोवीस मिलिमीटरच राहणार. दरवाजा खुजा केला की इमारत खेळण्यातली वाटते, आणि तसं काम आम्ही घेत नाही, गिऱ्हाइक गेलं तरी चालेल.

सध्या टेबलावर आहे ती एप्रिल २०१६ ची मिरज-लातूर पाण्याची गाडी. ऑर्डर लातूरच्या एका सरांची, त्या उन्हाळ्यात त्यांच्या घरी ते पाणी आलेलं. पुढं ५० वाघिणींनी (टाकीच्या डब्यांनी) पाणी जायला लागलं पण पहिली खेप १० वाघिणींची होती आणि सरांना तीच पाहिजे. एक वाघीण सुमारे १४ सेंटिमीटर, म्हणजे इंजिन सोडून दीड मीटरच्या आत गाडी बसते, कॉम्प्रेशनची गरजच नाही. आमच्याकडं काम आहे ते म्हणजे पाणी भरण्याची सायडिंग (बाजूची लाइन), पाइपलाइन, आणि प्रत्येक वाघिणीवर सोडलेला नळ. पाइपचे जोड पितळी तारेचे करतोय.

दुसरीकडं सालपे, आदर्की, वाठारपासून ताकारी, भिलवडी, नांद्र्यापर्यंत जी जुनी बांधकामं आहेत त्यांची मापं परवानगी काढून घेत चाललोय. डबलिंग आणि विजेच्या तारा आल्यापासून ह्या लाइनवर फार बदललंय. तुमच्याकडं घरातले जुने फोटो असतील, कुणी स्टेशन मास्तर होते, कुणाची बदली तिथं झालेली, तर जरूर पाठवा. आपलं माणूस फोटोत मधोमध असलं तरी हरकत नाही, मागं इमारत आणि जवळपास रूळ दिसले की पुरे. दोन रुळांमधलं अंतर ठरलेलं असतं, ब्रॉडगेज असेल तर १६७६, नॅरोगेज असेल तर ७६२, त्यावरून आम्ही भिंतीची उंची काढतो. फक्त फोटो कुठल्या स्टेशनचा आणि अंदाजे कुठल्या सालचा ते मागं लिहा, आणि मूळ फोटो आम्हाला देऊ नका, स्कॅन करून पाठवा.