पाणी अडवणारी चकती

गाडीतला कुठलाही भाग बिघडला की तो आधी दुरुस्त करून बघतात, नाहीच जमलं तर नवा घालतात. थर्मोस्टॅटच्या, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी अडवून धरणाऱ्या झडपेच्या, नशिबी यातलं काहीच नाही. गाडी घाटात उकळली, थर्मोस्टॅट काढा. वॉटर पंप गेला, पंप बदला आणि जाता जाता थर्मोस्टॅटही काढा. इंजिनाच्या हेडचं, म्हणजे वरच्या झाकणाचं, पॅकिंग उडालं असेल तर मग विचारायलाच नको. आणि का काढला असं विचारलं की सगळ्या गॅरेजांत एकच उत्तर ठेवलेलं असतं: "आपल्याकडं काय बर्फ पडतोय व्हय?"

प्रश्न वरवर बिनतोड आहे. रेडिएटर, पंप, पंखा, होज म्हणजे रबरी नळ्या असा सगळा गोतावळा इंजिन गार ठेवायला राबत असतो आणि त्यात हा एकटाच गार होण्याला आडवा येतो. वरचा होज इंजिनाला जिथे मिळतो तिथे दोन बोल्टांची एक टोपी असते. तिच्याखाली तळहातात मावेल एवढी चकती, मधोमध झडप, तिला स्प्रिंग आणि मागे धातूची बारकी डबी. डबीत मेण. इंजिन गार असताना झडप मिटलेली. पंप पाणी फिरवतो, पण इंजिनातल्या इंजिनात. पाणी ८२ अंशांच्या आसपास पोचलं की मेण वितळतं, फुगतं, डबीतली पिन सरकवतं आणि झडप उघडायला लागते. आणखी दहा-पंधरा अंश चढले की ती पुरती उघडते. पाणी निवलं की स्प्रिंग तिला परत मिटवते. हे मेणाचं काम अमेरिकेतल्या सर्जियस व्हर्नेट यांनी १९३०च्या दशकात बसवलं. त्याआधी अशा झडपा पत्र्याच्या भात्यावर चालायच्या. भात्यात चटकन वाफ होणारा द्रव भरलेला असे. पण रेडिएटरला दाब धरणारं झाकण आलं आणि तो दाब भात्याच्या हिशेबात ढवळाढवळ करू लागला. मेणाला दाबाशी देणंघेणं नाही, ते फक्त ऊब ओळखतं.

आता बर्फाचा मुद्दा. बर्फ पडत नाही हे खरं, पण इंजिनाला हवे असतात नव्वदीच्या आसपासचे अंश, आणि साताऱ्यातल्या पौषातल्या सकाळी बाहेर असतात दहा-बारा. मे महिन्यातली दुपार धरली तरी चाळीस. म्हणजे ऐन उन्हाळ्यातसुद्धा इंजिनाच्या दृष्टीने आपण थंड हवेच्याच ठिकाणी राहतो. थर्मोस्टॅट नसेल तर गर्दीत काही वाटत नाही, पण हायवेला समोरून वारा लागला की रेडिएटर गरजेपेक्षा जास्त काम करतो आणि इंजिन कोमटावर राहतं. कार्बोरेटरच्या गाडीत पेट्रोलची नीट वाफ होत नाही, ते थेंबाथेंबाने आत जातं आणि सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन काढतं. जळताना झालेली पाण्याची वाफ ऑइलमध्ये उतरते आणि उडून जाण्याइतकं ऑइल तापतच नाही. थंडीच्या दिवसांत जुन्या गाडीचं ऑइलचं झाकण उघडून बघावं, आतून सायीसारखा पिवळट थर धरलेला दिसतो. पेट्रोल जास्त जातं ते वेगळंच. आणि गंमत अशी की काही इंजिनांत हीच झडप दुसऱ्या टोकाने बायपासची, म्हणजे रेडिएटर टाळून जाणारी, वाट बंद करते. तिथे थर्मोस्टॅट काढला की तापलेलं पाणी रेडिएटरला न जाता आतल्या आत फिरतं आणि घाटात गाडी उलट जास्त तापते.

हे सगळं मी आमच्या मिस्त्रींना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "साहेब, हितं जे काढलंय ते परत बसवा म्हणून आजवर कुणी आलं न्हाई."

त्यांचा राग येत नाही, कारण ते ज्या काळात हाताखाली राबून काम शिकले त्या काळात त्यांच्या उस्तादांचं बरोबर होतं. खंबाटकीत, बोरघाटात, कसाऱ्याला कडेला बॉनेट उघडून उभ्या असलेल्या गाड्या आणि हातात पाण्याचा डबा घेतलेला माणूस हे ठरलेलं दृश्य होतं. थर्मोस्टॅट उघडा अडकला तर फक्त पेट्रोल जास्त लागतं, बंद अडकला तर हेड वाकतं. सुटा भाग मिळण्याची खात्री नाही, पोरंबाळं गाडीत आणि पुढे अर्धा घाट. अशा वेळी जो भाग बिघडल्यावर घात करतो तो नसलेलाच बरा, हा हिशेब चुकीचा म्हणता येत नाही. फक्त तो हिशेब त्या घाटापुरता होता. पुढे त्याची रीत झाली.

माझी गाडी म्हणजे नव्वदच्या दशकातली मारुती ८००, तीन सिलिंडरची, ७९६ सीसीची, सासऱ्यांकडून आलेली. हायवेला तिचा टेम्परेचरचा काटा तळाशीच लोळायचा. थर्मोस्टॅट उघडा अडकला असणार असं धरून मी नवा आणला. आदल्या रात्री दोऱ्याला टांगून पातेल्यातल्या पाण्यात सोडला, शेजारी थर्मामीटर. नवी वस्तू असली तरी ती उघडते का हे गाडीत बसवण्याआधी कळलेलं बरं. उकळीच्या बरंच आधी झडप हलली. पातेलं तेव्हापासून गॅरेजच्या सामानात जमा आहे, हा घरातला निर्णय.

टोपीचे दोन बोल्ट मात्र हलेनात. टोपी ॲल्युमिनियमची, बोल्ट पोलादाचे, आणि वर्षानुवर्षं आत बोअरचं पाणी. दोन वेगळे धातू ओलाव्यात एकत्र राहिले की ॲल्युमिनियम खाल्लं जातं, पांढरी भुकटी होऊन आट्यांत घट्ट बसतं. कूलंट घालायचं ते यासाठी. पण तेही बर्फाच्याच खात्यात टाकून दिलेलं. "ते थिजू नये म्हणून असतंय," मिस्त्री म्हणाले. थिजू नये म्हणून असतं, गंज धरू नये म्हणूनही असतं, आणि पाण्यापेक्षा उशिरा उकळावं म्हणूनही. पण त्या घडीला बोलायची सोय नव्हती, कारण त्यांच्या हातात पाना होता.

बोल्टांवर तेल सोडून रात्रभर मुरवून झालं. हातोडीने बोल्टाच्या डोक्यावर हलके ठोके देऊन झाले. मग गॅसने टोपी शेकली आणि टाईट-लूज, टाईट-लूज करत एक बोल्ट आला. दुसऱ्याचं डोकं मऊपणे फिरलं. ते फिरणं हाताला लगेच कळतं, आटा सुटतोय की पोलाद पिळवटतंय ते. पिळवटतच होतं. मिस्त्रींनी शिवी दिली नाही. बोल्ट तुटू दिला, टोपी काढली, वर राहिलेल्या खुंटावर नट ठेवून वेल्डिंगचा टाका मारला, निवू दिलं आणि पान्याने खुंट अलगद काढून दिला. वेल्डिंगची ऊब नेमकी आट्यांपर्यंत जाते, म्हणून हे जमतं. ड्रिल लावलं असतं तर बोल्ट बसतो त्या भोकाचा आटा गेला असता.

आणि आत काहीच नव्हतं. क्षारांची पांढरी खपली, थर्मोस्टॅट बसायची गोल खाच, आणि मोकळी जागा. कुणीतरी, कुठल्यातरी घाटाच्या अलीकडे किंवा पलीकडे, तो केव्हाच काढून टाकला होता. मिस्त्रींनी बॅटरी मारून नीट पाहिलं आणि एवढंच म्हणाले, "काम चांगलं केलंय." त्यांच्या दृष्टीने.

खाच खरवडून साफ करण्यात बराच वेळ गेला. पॅकिंगचं मात्र काम बघत राहावं असं. टोपीच्या तोंडावर पॅकिंगचा कागद ठेवून ते कडेकडेने छोट्या हातोडीने टकटक करत गेले. धातूची धारच कागद कापत गेली. बोल्टांची भोकं हातोडीच्या गोल टोकाने पाडली. तयार पॅकिंग थर्मोस्टॅटबरोबर आलेलं होतं, पण त्याच्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. नवे बोल्ट, आट्यांना ग्रीस. चकतीवरची हवा सोडणारी हलती पिन वरच्या अंगाला ठेवायला मी सांगितलं, तर ते म्हणाले, "म्हाइत्येय." कधीकाळी त्यांनी तो बसवलेलाही होता तर.

कूलंट भरून, रेडिएटरचं झाकण उघडं ठेवून गाडी चालू केली. होज दाबत राहायचं, बुडबुडे येत राहतात. काटा वर सरकला तरी वरचा होज गारच. मिस्त्रींचा चेहरा सांगत होता की बघा, अडकला. त्यांचा हात होजवरच होता. मग एकदम चटका बसावा तसा त्यांनी हात मागे घेतला. झडप उघडली होती. थोड्या वेळाने पंखा लागला, बंद झाला, पुन्हा लागला.

पैसे देताना मी विचारलं, आता कुणी आलं तर काढणार की ठेवणार? त्यांनी तुटलेला बोल्ट डब्यात टाकला.

"चाललंय की बरं. पण मे महिन्यात एकदा या. नसलं सोसत तर दहा मिनटात काढतो, आता बोल्ट मोकळं हायती."